दारची कोरांटी आणि तिची पानं खाणारे पाहुणे

कराडच्या एका भगिनीचं पत्र समोर आहे. चांगलं चार पानी, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. सासूबाईंनी हौसेनं लावलेली कोरांटीची रांग त्यांच्या कुंपणाशी आहे. यंदाच्या पावसात तिच्या पानांवर काळ्या, काटेरी अळ्या दिसू लागल्या आणि पाहता पाहता पानांची चाळण झाली. यजमान म्हणतात, एकदाचं औषध मारून टाकू, नाहीतर झाडं उपटून सगळ्या अंगणाला फरशी करून घेऊ, स्कूटर लावायलाही सोय होईल. धाकट्या जावेचं म्हणणं, मुलांच्या अंगाला खाज सुटेल. शेजारच्या काकू सांगतात, काटेरी झाड दारात असूच नये. सासूबाई आता नाहीत. प्रश्न एवढाच आहे की झाडं ठेवावीत की काढावीत. पण तो विचारता विचारता या बाईंनी अडीच पानं सासूबाईंविषयी लिहिली आहेत. म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

आधी निकाल सांगून टाकते : ठेवा. औषधही मारू नका. आता कारणं ऐका.

कोरांटी म्हणजे काही कुणी परदेशातून आणलेलं शोभेचं झुडूप नव्हे. ती इथलीच. अडुळसा, अबोली आणि सह्याद्रीतली ती सात-आठ वर्षांनी फुलणारी कारवी या सगळ्यांच्या कुळातली. संस्कृतात पिवळीला कुरण्टक म्हणतात, आणि वैद्यांच्या सहचरादि तेलातला ‘सहचर’ तो हाच. वज्रदंती हे नाव तर टूथपेस्टमुळे लहान मुलांनाही पाठ आहे. ती वज्रदंतीसुद्धा हीच पिवळी कोरांटी. (म्हणून लगेच पाला तोडून दातांना घासत बसू नका. औषध म्हणून काय घ्यायचं ते वैद्यांना विचारून.)

आपल्या दारात साधारण दोन जातींच्या कोरांट्या दिसतात, आणि त्यांचा स्वभाव वेगळा आहे. पिवळी, म्हणजे काटे कोरांटी. तिच्या पानाच्या बेचक्यात तीन-चार अणकुचीदार काटे असतात. छातीइतकी उंच होते, ऊन भरपूर मागते, पाणी फारसं मागत नाही. दुसरी जांभळी, गुलाबी, पांढरी किंवा पांढऱ्यावर गुलाबी पट्ट्यांची. हे सगळे रंग एकाच जातीचे. हिला तसे काटे नसतात, फुलाखालच्या हिरव्या पाकळ्यांच्या कडा तेवढ्या बोचतात. अर्धवट सावलीतही ही खुशाल फुलते. तेव्हा पायरीजवळ, मुलं धावतात त्या वाटेवर जांभळी लावावी आणि पिवळीला कुंपणाच्या कडेला बसवावं. काट्यांचा प्रश्न इथेच मिटला. राहता राहिली काटेरी झाड दारात नको ही समजूत. तर गुलाबालाही काटे असतातच की! त्याला कुणी दारातून हाकलल्याचं ऐकलं नाही.

नवरात्रापासून पुढे संक्रांतीपर्यंत कोरांटी फुलत राहते. वास नाही, पण बागेतलं बाकी सगळं थंडीत आळसावलेलं असताना देवाच्या तबकात घालायला रोज फुलं मिळतात, ही काय लहान गोष्ट आहे?

आता अळ्यांकडे येऊ. कोरांटीवर पावसात आणि पावसानंतर दिसणारी काळसर, अंगावर फाटे फुटलेले काटे असलेली अळी बहुधा लेमन पॅन्सी नावाच्या फुलपाखराची असते. तपकिरी पंख, त्यावर लिंबाच्या रंगाचे ठिपके आणि मोरपिसाच्या डोळ्यासारखे गोल. उन्हाला जमिनीवर पंख पसरून बसतं ते. तुम्ही शंभरदा पाहिलं असेल, नाव माहीत नसेल इतकंच. त्याची मादी अंडी घालताना झाड पारखून घेते. गुलाबावर घालणार नाही, मोगऱ्यावर घालणार नाही. कोरांटी आणि अशाच काही ठरावीक झाडांवरच घालणार. कारण पोरांना दुसरं काही पचत नाही. आपल्या घरात नाही का, एखादं मूल वरणभाताखेरीज काही शिवत नाही!

अंड्यापासून अळी, अळीपासून कोष, कोषातून फुलपाखरू हा सगळा साधारण महिन्याभराचा मामला. तेवढ्या दिवसांत पानं कुरतडली जातात, झाड जरा भकास दिसतं, हे खरं. पण जुनी, मुळं धरलेली कोरांटी त्यानं मरत नाही. अळ्या कोषात गेल्या की नवी पालवी येते आणि फुलायच्या वेळी फुलतेच. रोप मात्र अगदी कोवळं, चार-सहा पानांचं असेल, तर त्यावरच्या अळ्या पानासकट उचलून मोठ्या झुडपावर नेऊन ठेवाव्यात. चमच्यावर घेतल्या तरी चालतं.

आणि खाज? जाऊबाईंची भीती अगदीच निराधार नाही. त्यांचा गोंधळ दुसऱ्या अळीशी होतो आहे. शेवग्याच्या खोडावर झुंडीनं चिकटून बसतात ते केसाळ सुरवंट. त्यांचे केस अंगाला लागले की आग होते, पुरळ उठतं. त्यांच्यापासून मुलांना दूरच ठेवायचं. कोरांटीवरची अळी मऊ केसांची नसते, तिचे काटे दिसायला भयंकर आणि करायला काही नाही. फरक असा लक्षात ठेवा : लांब मऊ केस, झुंड, खोडावर मुक्काम, तर हात लावू नका. फांदीवर एकेकटी, आखूड फाटेदार काटे, पानं खाण्यात दंग, तर ती आपली पाहुणी. तरीही मुलांना एकच नियम सांगावा की पाहायचं, हात लावायचा नाही. त्यात मुलांचंही भलं आणि अळीचंही.

खरं तर मुलांसाठी याहून चांगला धडा कुठल्या पुस्तकात मिळणार? कोष झालेली डहाळी दिसली की रोज सकाळी शाळेत जाण्यापूर्वी एकदा डोकावायला सांगा. कोषाचा रंग बदलून आत पंखांची नक्षी दिसू लागली की समजायचं, आज-उद्या बाहेर येणार.

कढीपत्त्याचंही असंच आहे. कढीपत्त्यावर आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी आणि पुढे हिरवीगार होणारी अळी आपण चिमट्यात धरून बाहेर फेकतो. ती लिंबावरच्या फुलपाखराची किंवा कॉमन मॉर्मनची. महाराष्ट्रानं २०१५ साली ज्या ब्लू मॉर्मनला राज्याचं फुलपाखरू म्हणून जाहीर केलं, त्याच्याही अळ्या लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतात. फोडणीपुरती पानं आपल्याला उरतातच, चार डहाळ्या त्यांना सोडाव्यात.

आता यजमानांच्या त्या ‘औषधा’बद्दल. शब्दच पाहा किती गमतीचा आहे. झाडाला औषध म्हणून आपण जे मारतो, ते किड्याला विष असतं, आणि ते किडा निवडून मारत नाही. अळी मरते, तशीच फुलावर आलेली मधमाशीही मरते. विष पोटात गेलेली अळी चिमणीनं पिल्लाला भरवली तर तेही बरं नव्हे. पुष्कळ भगिनी लिहितात, आम्ही रासायनिक काही वापरत नाही, फक्त कडुनिंबाचं तेल फवारतो. मैत्रिणींनो, कडुनिंबही अळ्यांना घातकच असतो. त्यासाठीच तर तो वापरतात! कोरांटीवर अळ्या असताना तोही नको.

पिठ्या ढेकूण म्हणजे फांद्यांच्या बेचक्यात दिसणारा पांढरा कापसासारखा थर. तो मात्र झाडाला खरोखर त्रास देतो. त्यावर सोपा उपाय : जुना दात घासायचा ब्रश सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून तेवढीच जागा घासून काढायची आणि नंतर साध्या पाण्यानं धुवायची. चार-चार दिवसांनी दोन-तीनदा केलं की आटोक्यात येतो. फारच माखलेली फांदी असेल तर कापून, पिशवीत बांधून टाकावी. सगळ्या झाडावर फवारा मारत सुटायची गरज नाही.

नवी कोरांटी लावायची असेल तर. एक रोप असलं की दहा करणं अगदी सोपं. पावसाच्या सुरुवातीला पेन्सिलीएवढ्या जाडीची, फार कोवळी नाही आणि फार लाकडीही नाही अशी फांदी वीतभर कापून घ्यावी. खालची पानं काढून टाकावीत, वरची दोन-तीन ठेवावीत. माती आणि वाळू निम्मी-निम्मी घेऊन त्यात दोन पेरं गाडावीत. सावलीत ठेवावं, माती ओलसर असावी पण चिखल नको. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. नंतर थोडं शेणखत घातलेल्या मातीत, पाण्याचा निचरा होणाऱ्या जागी लावावं. गॅलरीत लावणार असाल तर बारा इंची कुंडी पुरे, खाली भोक मोकळं हवं. उन्हं किमान चार तास तरी यावीत. खतांचा भडिमार करू नका. नुसती पानं माजतात.

आता एक नाजूक गोष्ट. घाटात, गडावर सहलीला गेल्यावर फुललेलं झुडूप दिसलं की बोटं शिवशिवतात. पर्समध्ये पिशवी असतेच, खुरप्याऐवजी डब्याचा चमचा चालतो, आणि रोप मुळासकट गाडीत येतं. सह्याद्रीत कोरांटीच्या अशा काही जाती आहेत ज्या जगात दुसरीकडे कुठेच होत नाहीत. त्यातली एक मोठ्या पांढऱ्याशुभ्र फुलांची, पाहिल्यावर डोळे निवावेत अशी. ती तिथल्या खडकावर, तिथल्या धुक्यात वाढलेली असते. फुलावर असताना उपटलेलं झुडूप पुण्या-ठाण्याच्या गॅलरीत बहुधा आठवडाभरही तग धरत नाही, आणि डोंगरावरचं एक बी देणारं झाड मात्र कायमचं कमी होतं. कासच्या पठारासारख्या ठिकाणी तर फूल तोडायलाही मनाई आहे. डोळे भरून पाहावं, फोटो काढावा आणि यावं. दारासाठी शेजारणीकडची फांदी आहेच.

नर्सरीवाल्यालाही विचारायला संकोचू नका : हे रोप फांदीपासून केलंत, बियांपासून केलंत, की कुठून उपटून आणलंत? आपण भाजीवाल्याला दहा प्रश्न विचारतो, मग इथेच का गप्प बसायचं!

नर्सरीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. ‘फुलपाखरांसाठी झाड द्या’ म्हटलं की पुष्कळदा घाणेरी पुढे केली जाते, रंगीबेरंगी, कलमी, बुटकी. लँटाना म्हटलं की ती एकदम खानदानी वाटू लागते. तिच्यावर फुलपाखरं येतात हे खोटं नाही. मध प्यायला येतात. पण तिची पानं आपल्याकडच्या फुलपाखरांच्या अळ्यांना उपयोगाची नाहीत. म्हणजे हॉटेल झालं, बाळंतघर नाही. शिवाय ती मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेसाठी म्हणून कलकत्त्याला आणली आणि तिथून पक्ष्यांनी फळं खाऊन बिया टाकत टाकत देशभरच्या जंगलांत तिचं रान माजवलं. तिची पानं गुरांनाही विषारी. नव्यानं ती लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. दारात असेल आणि काढवत नसेल, तर निदान फळं धरू देऊ नका, फूल वाळलं की गुच्छ खुडून टाका.

आपण ‘आपली’ म्हणून लावतो ती किती झाडं खरी आपली, हाही मजेचा हिशेब आहे. बोगनवेल दक्षिण अमेरिकेची, सदाफुली मादागास्करची, रातराणी वेस्ट इंडीजकडची, आणि देवळातला पांढरा चाफासुद्धा मध्य अमेरिकेतला. त्या काही उपटून टाका असं मी म्हणत नाही हं. इतक्या पिढ्या नांदल्या, आता त्या घरच्याच. पण बागेत दहा झाडं असतील तर निम्मी तरी इथल्या मातीतली असावीत, म्हणजे इथल्या किड्या-पाखरांना खायला आणि राहायला मिळतं.

कोरांटीचं उलट उदाहरणही सांगायला हवं, कारण ज्यांच्या मुली-सुना परदेशी आहेत अशा भगिनी पुष्कळ आहेत. आपली ही गुणी काटे कोरांटी ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात तण म्हणून कुप्रसिद्ध आहे! बागेतून निसटून ती रानात पसरली आणि तिथल्या गवताला, झुडपांना जागा राहिली नाही. तेव्हा लोणच्याच्या बरणीबरोबर बियांची पुडी पाठवायचा मोह टाळा. तसंही त्या देशात परवान्याशिवाय बिया नेता येत नाहीत, विमानतळावर पोरीची फजिती व्हायची. तिला म्हणावं, तिथल्या मातीतलं झुडूप लाव. तिथली फुलपाखरं त्यावर येतील.

ती पसरते कशी, हे पाहण्यासारखं आहे. कोरांटीची बोंडं वाळून तपकिरी झाली की ओल लागताच तडकतात आणि बी लांब उडतं. बियांवर दाट लव असते; भिजली की ती बुळबुळीत होते आणि बी जिथे पडेल तिथे चिकटतं. वाळलेलं बोंड मुलांच्या समोर वाटीभर पाण्यात टाकून बघा. ‘टच्’ असा आवाज येईल आणि बी टेबलापलीकडे! दारातसुद्धा पावसाळ्यात तिची पिल्लावळ उगवते. नको असलेली रोपं बोटभर असतानाच उपटून कुणाला तरी द्यावीत. मंगळागौरीला, हळदीकुंकवाला वाण म्हणून कोरांटीचं रोप दिलंत तर प्लॅस्टिकच्या डब्यापेक्षा नक्कीच बरं.

छाटणीचं काय, असं त्या भगिनींनी विचारलेलं नाही, पण इतकी वर्षं झालेल्या रांगेला छाटणीचीच खरी गरज असणार. फुलं संपली की, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, झुडूप साधारण एक तृतीयांश कमी करावं. सगळी रांग एकदम भादरू नये. यंदा निम्मी झुडपं, पुढच्या वर्षी उरलेली, म्हणजे लपायला कुठेतरी आडोसा राहतो. पावसाळ्यात मात्र कात्रीला हात लावू नका. जून ते सप्टेंबरात वटवट्या, मुनिया असे लहान पक्षी दाट झुडपांत घरटी करतात आणि काटेरी झुडूप त्यांना विशेष पसंत असतं, मांजराचा हात पोहोचत नाही म्हणून. फांद्या दूर करून ‘आहेत का पिल्लं’ म्हणून पाहायलाही जाऊ नये. आपण वाट उघडली की कावळ्याला पत्ता मिळतो.

छाटलेल्या फांद्या आणि गळलेला पाचोळा जाळू नका. झुडपाच्याच बुंध्याशी पसरा, ओल टिकते, खत होतं. काटेरी फांद्या तेवढ्या कोपऱ्यात रचून ठेवा, अनवाणी पायांचा विचार करून.

पाखरांसाठी मातीची उथळ परळ ठेवायची असेल तर दर दोन दिवसांनी घासून पाणी बदला. हे विसरू नका, कारण साठलेल्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यूचे डास होतात, आणि मग पक्ष्यांवरचं प्रेम घरादाराला महागात पडतं.

राहिली फरशी. कराडच्या भगिनी, यजमानांना एवढंच सांगा की स्कूटरला लागते ती चार-पाच फूट जागा. तेवढीला फरशी करा, बाकीची माती उघडी राहू द्या. कोरांटीच्या फुलांवर निळ्या पट्ट्यांची एक छोटी माशी गुणगुणत येते. ती पोळं बांधत नाही, एकेकटी राहते आणि मातीत बीळ करून पिल्लं वाढवते. सगळं अंगण बंद केलंत तर तिला घरच उरत नाही. शिवाय पावसाचं पाणी मुरायला जागा नको का? पहिल्याच जोरदार सरीला ते घराच्या जोत्याशी येऊन उभं राहील, तेव्हा यजमानांनाही पटेल. पण तोवर थांबायला नको.

तुमच्या पत्रात एक ओळ आहे, की सासूबाई संध्याकाळी कोरांटीला पाणी घालताना कुणाशी तरी बोलत असायच्या आणि तुम्हाला वाटायचं शेजारच्या काकूंशी बोलतात. यंदा मुळं धरलेली दोन-तीन रोपं करून ठेवा. धाकट्या जाऊबाई वेगळं बिऱ्हाड करणार आहेत असं लिहिलंत ना, त्यांच्या नव्या दारात एक जाऊ द्या. जांभळीचं द्या, म्हणजे काट्यांची तक्रार नको. फांद्या आता श्रावणातही लावता येतील, पाऊस उघडण्याआधी मुळं धरली म्हणजे झालं. आणि पुढच्या उन्हाळ्यासाठी बिया हव्या असतील तर बोंडं वाळून तडकायच्या आधीच कोरड्या दिवशी काढून कागदाच्या पाकिटात ठेवा. स्टीलच्या डब्यात घट्ट झाकून ठेवू नका, ओल धरली तर बुरशी येते.